फळ्यावरचा मोर पुसून टाका

वाचकाचं पत्र (थोडं आटोपतं करून):

"मी परभणी जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी मिळून एकतीस मुलं. कलेचा तास चारही वर्ग एकत्र बसवून मीच घेते. अडचण अशी की मला स्वतःला चित्र काढता येत नाही. फळ्यावर मोर काढला तर मुलं कोंबडी म्हणतात. मग मोबाइलवर व्हिडिओ लावते, मुलं बघून बघून काढतात आणि सगळ्यांची चित्रं एकसारखी येतात. मोकळं सोडलं तर दोन डोंगर, मधून सूर्य, नदी, झोपडी. चौथीतले तीन-चार जण तर हाताची घडी घालून बसतात, 'मॅडम, मला येत नाही.' साहित्याला पैसे नाहीत. केंद्रप्रमुख म्हणतात, निपुणचं (वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाचं) बघा आधी. नोंदवहीत प्रत्येकाच्या नावापुढे 'चित्र छान काढतो' लिहून माझा मलाच कंटाळा आलाय. वर्षभर पुरतील असे साधे पाठ सांगाल का? आणि यंदा ग्रामपंचायत शाळेच्या भिंती रंगवून देणार आहे, त्यावर काय काढून घ्यावं?"

ताई,

तुम्हाला चित्र काढता येत नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी आहे. थट्टा करत नाहीये. हातात कला असलेला शिक्षक फळ्यावर बघता बघता मोर उतरवतो आणि वर्गाचा निकाल तिथेच लागतो: तो मोर बरोबर, बाकीचे सगळे चुकलेले. तुमच्या मोराला कोंबडी म्हणणाऱ्या पोरांनी निदान दोन्ही पक्षी नीट बघितलेत. त्यांना तेव्हाच विचारायचं होतं, "का रे, कोंबडी का वाटली? मान आखूड झाली? तुरा वेगळा असतो?" कलेचा तास तिथूनच सुरू झाला असता, आणि खडू तुमच्या हातात राहायची गरजही नव्हती.

कलेला वेगळा शिक्षक हवा होता, आपण नुसती वेळ मारून नेतोय, हेही मनातून काढून टाका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेचा अंशकालीन निदेशक आहे तो सहावी ते आठवीसाठी, तोही पटसंख्या शंभरावर असेल तर. पहिली ते चौथीला कायद्यात वेगळा कलाशिक्षक नाहीच, तिथली कला वर्गशिक्षकाकडेच येते. म्हणजे तुम्ही कोणाच्या बदली काम करत नाही आहात.

आता "येत नाही"कडे वळू. तुमच्या वर्गात ही तक्रार दोन जातींची आहे आणि दोन्हींवर औषध वेगळं आहे.

ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या वयानुसार पायऱ्या मांडल्या. सगळ्याच मुलांना त्या तंतोतंत लागू पडतात असं नाही, पण वर्गात बसलेल्या बाईंना त्या अजूनही उपयोगी पडतात. साधारण चार ते सात वर्षांचं मूल माणूस म्हणजे एक गोळा काढतं आणि हातपाय थेट त्यातून बाहेर येतात. सात ते नऊच्या दरम्यान कागदाच्या तळाशी जमिनीची रेघ येते, वर आभाळाची निळी पट्टी येते, मध्ये सगळं कोरं. घराची भिंत काढूनही आतली चूल, आजी आणि मांजर दिसत राहतात, कारण ती आत आहेत हे मुलाला माहीत असतं. यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. नऊच्या पुढे मात्र मुलाला स्वतःचं चित्र खरं वाटेनासं होतं. बैल बैलासारखा दिसत नाही हे त्याला कळायला लागतं, पण तसा काढायचा कसा हे कळत नाही. तुमची चौथीतली हाताची घडी घातलेली मुलं इथे येऊन अडलीत. ती आळशी नाहीत, वर्गातली सगळ्यात चोखंदळ मुलं तीच असतील.

पहिली-दुसरीचं मूल "येत नाही" म्हणतं ते बहुतेक वेळा मोठ्यांनी शिकवलेलं असतं. त्याच्यासमोर मोठ्यांच्या हातचा नमुना ठेवला गेला आणि तो त्याला जमला नाही, एवढंच. दोन डोंगरांमधला सूर्यही तसाच आलेला. गावाभोवती कापूस आणि सोयाबीनचं सपाट रान, आणि पोरांच्या कागदावर दोन त्रिकोणी डोंगर! दादाने काढलं म्हणून ताईने, ताईने काढलं म्हणून याने. त्यावर रागवू नका. ते चित्र मुलाची ढाल आहे, त्यात चुकण्याची भीती नसते. फक्त दुसरं काहीतरी काढावंसं वाटेल असा तास घ्या.

असा एक तास सविस्तर सांगते, म्हणजे बाकीचे तुम्हीच आखाल.

शाळेतली एक बादली अर्धी पाण्याने भरा आणि वर्गाच्या मध्ये ठेवा. काढायचं काय ते अजून सांगू नका. एकेकाला बोलवा, एका हाताने उचलून दाराशी नेऊन परत आणायला सांगा. लहानग्यांना पाणी कमी करा. बाकीच्यांनी नुसतं बघायचं. मग विचारा: कोणता खांदा खाली गेला? मोकळा हात कुठे होता? (बहुतेकांचा लांब बाजूला जातो, तोल सांभाळायला. ज्याने बादली नेली त्याला हे ठाऊक नसतं, बघणाऱ्यांना दिसतं.) तोंड कसं झालं होतं? पाणी सांडलं का, कोणत्या पायावर? घरी पाणी कोण भरतं, नळाला रांग असते का, रांगेत तुमच्या पुढे कोण असतं? दहा मिनिटं हेच चालू द्या. मुलं एकमेकांचं बोलणं तोडून बोलायला लागली की कागद वाटा आणि सांगा, "तू पाणी आणतोयस, ते काढ." फळ्यावर एक रेघही ओढू नका.

जे कागद येतील त्यात बादली उचलणारा हात दुसऱ्या हाताच्या दुप्पट लांब असेल. हा हात ताणला गेला हे त्या मुलाच्या अंगाला माहीत आहे, म्हणून तो लांब झाला. तिथे "हात केवढा काढलास!" असं म्हणालात तर तास वाया गेला. "खूप जड होती वाटतं?" असं म्हणा. मूल मान हलवेल आणि बहुधा पाण्याचे आणखी चार थेंब काढेल.

बादलीच्या जागी काय काय येऊ शकतं ते तुमचं गाव सांगेल. कापूस वेचताना कंबरेला बांधलेली ओटी, सायकलवर डबलसीट, दात काढायला दवाखान्यात बसलेला मी, वावटळ आली तेव्हा, आजीच्या डोक्यातल्या उवा काढताना. 'माझी शाळा', 'माझा आवडता सण' हे विषय मात्र टाळा. ते निबंधाचे आहेत आणि त्यावर निबंधासारखीच चित्रं येतात.

खोडरबर या तासाला दप्तरातच राहू द्या. मी याबाबत हटवादी आहे. खोडरबर हातात असलं की मूल डोकं काढतं, पुसतं, परत काढतं, आणि तास संपतो तेव्हा कागदावर एक मळकं डोकं असतं. शिसपेन्सिलही नको. थेट तैलखडू, नाहीतर पाटीवरचा खडू, नाहीतर चुलीतला विझलेला कोळसा द्या. रेघ चुकली तर तिचं दुसरं काहीतरी करायचं, असा वर्गाचा नियम ठेवा.

चौथीच्या मुलांना मात्र नुसतं "मनातलं काढ" म्हणून भागत नाही. त्यांना बघायला शिकवावं लागतं, आणि यालाही तुमचा हात लागत नाही. पिंपळाचं एकेक पान द्या. पान डाव्या हातात धरायचं, उजव्या हातात खडू, नजर पानाच्या कडेवर. नजर मुंगीच्या चालीने कडेवरून सरकेल तसा खडू कागदावर सरकेल. कागदाकडे बघायचं नाही. देठापासून निघून परत देठाशी यायचं. पान हमखास वेडंवाकडं येतं, सगळ्यांचंच येतं, म्हणून कोणी लाजत नाही. हसून झालं की त्याच पानाकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघत दुसऱ्यांदा काढायला सांगा. या दुसऱ्या चित्रात पिंपळाचं लांब टोक आणि शिरांची जाळी यायला लागते. नंतर चप्पल, कुलूप, सोललेला लसूण, स्वतःचा डावा हात. त्याच्याही नंतर एक युक्ती शिकवा: पुढची वस्तू मागच्या वस्तूला झाकते. दोन तांबे एकामागे एक ठेवा आणि विचारा, मागच्याचा कुठला भाग दिसतच नाही? चौथीच्या मुलाला हे एकदा उमगलं की घडी सुटते.

बैल येत नाही म्हणणाऱ्याला बैल काढून देऊ नका. विचारा, शिंगं कानाच्या वर निघतात की खाली? वशिंड मानेच्या किती जवळ? मागचा पाय गुडघ्यात कुठल्या बाजूला मोडतो? त्याला सांगता येणार नाही. संध्याकाळी गोठ्यात बघून ये म्हणावं. दुसऱ्या दिवशी तो सांगत येईल, आणि त्याच्या घरी बैल नसून ट्रॅक्टर असेल तर ट्रॅक्टरचंही असंच: मोठं चाक पुढे की मागे?

ज्यांना रेघेचीच धास्ती आहे त्यांच्यासाठी मध्ये मध्ये ठशांचा तास ठेवा. भेंडी आडवी कापून, कांदा, दोडका, पेरूची पानं. नेहमी गोंधळ होतो तो रंगात बुचकळल्यामुळे. बरणीच्या झाकणात जुन्या कापडाची चौपदरी घडी ठेवा, तिच्यात रंग मुरवा आणि ठसा तिच्यावर दाबून मग कागदावर उमटवा. भेंडीची पाचही दळं स्वच्छ येतात. दोन ठसे ठरवून आईच्या लुगड्याचा काठ करायला सांगा: फूल-पान-फूल-पान, पुढच्या वेळी फूल-फूल-पान. केंद्रप्रमुख साहेब आले तर हाच कागद पुढे करा. पहिलीच्या गणितातला आकृतिबंध यात आहे, आणि तो वर्कशीटवरच्यापेक्षा पक्का बसतो. पानांची छापही स्वस्तात होते: पान पालथं घालायचं, म्हणजे शिरांची उठावदार बाजू वर, त्यावर पातळ कागद ठेवून तैलखडू आडवा धरून घासायचा.

रंगांचं म्हणाल, तर पैशाविना सगळ्यात जास्त टाळ्या घेणारा तास हळदीचा. हळदीचा डाग साबणाने धुतला की लाल होतो, हे घरोघरी माहीत असलेलं. तेच वापरा. हळद पाण्यात कालवून कोऱ्या कागदावर फासा आणि उन्हात वाळवा. वाटीत कपड्याच्या साबणाचं घट्टसर पाणी करा. काडीला कापूस गुंडाळून त्या पाण्याने पिवळ्या कागदावर काढायचं: रेघ उमटताक्षणी तांबडी होते. वर लिंबाचा रस टेकवला की तिथे पुन्हा पिवळं. चुन्याच्या पाण्यानेही असंच होतं आणि रंग जास्त गडद येतो, पण चुना डोळ्यात गेला तर वाईट, म्हणून लहान मुलांच्या हाती तो देऊ नका. ही चित्रं भिंतीवर उन्हात लावू नका, हळद उडते. फाल्गुनात पळस फुलला की फुलं पाण्यात उकळून केशरी रंग करता येतो. पारिजातकाच्या देठांचाही होतो. कोळशाची पूड, गेरू, विटेची भुकटी यांत बाभळीचा डिंक भिजवून घातला की वाळल्यावर रंग हाताला लागत नाही. हे काही नवं नाही. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद १९४४ साली सेवाग्रामला आले आणि तिथल्या नई तालीमच्या शाळेत वर्षानुवर्षं कला शिकवत राहिले, तेही गावात मिळेल त्या सामानावरच. वर्धा तुमच्यापासून फार लांब नाही.

पोळ्याच्या आधी मातीचे बैल होणारच. तुमच्याकडची काळी माती वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून ती एकटी वापरू नका. थोडं शेण किंवा भिजवून कुटलेला रद्दी कागद मिसळून आदल्या दिवशी मळून ओल्या गोणपाटात ठेवा. मुलं चार पाय वेगळे वळून पोटाला चिकटवतात आणि वाळल्यावर बैल आडवा होतो. एकाच गोळ्यातून पाय ओढून काढायला सांगा. शिंगं चिकटवायचीच तर दोन्हीकडे काडीने ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावायचा. गावात कुंभार असेल तर त्याला तासाला बोलवा. मानधन नाही, चहा पुरेल.

वारलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच, म्हणून सांगते. वारली म्हणून शाळांमधून जे चालतं ते बहुधा फाइलच्या पुठ्ठ्यावर नक्कल केलेले त्रिकोण असतात, म्हणजे दोन डोंगरांचंच दुसरं रूप. मुळात पालघरकडच्या वारली घरांत लग्नाचा चौक (चौकोनी भित्तिचित्र) सुवासिनी काढत, गेरू-शेणाने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, टोक चघळून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने. मध्ये पालघट देवी. जिव्या सोमा मशे यांनी ते चित्र लग्नाच्या बाहेर काढलं आणि रोजचं जगणं त्यात आणलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तुमच्या मुलांनी यातून घ्यायची ती अंगाची रचना. टोकाला टोक जुळलेले दोन त्रिकोण एकमेकांपासून कलते केले की माणूस वाकतो, ओढतो, उचलतो. मुलाला वारल्यांचा तारपा नाचच काढायची सक्ती नको. तुमच्या गावातली मळणी काढू दे, किंवा बसमध्ये चढणारी गर्दी.

मोबाइलवरचे व्हिडिओ पाप नाहीत. पावसाळी दिवशी, निम्मी मुलं गैरहजर असताना एखादा लावला तर काही बिघडत नाही. पण त्याचा तासच झाला तर मुलं सूचना पाळायला शिकतात, आणि ते बाकीचे सगळे तास शिकवतच असतात.

कागदासाठी तालुक्याच्या झेरॉक्स दुकानात बिघडलेल्या प्रतींचा गठ्ठा मागा, एक बाजू कोरी असते. लग्नपत्रिका, जुनी दिनदर्शिका, सिमेंटच्या गोणीचा आतला कागद (झटकून) हेही चालतं. मोठा कागद मिळाला तर कापून वाटू नका, चौघांना मिळून एक द्या. भांडणं होतील, पण चित्र मोठं होईल.

नोंदवहीचा कंटाळा घालवायला चित्राच्या मागे तारीख टाका आणि मुलाने त्या चित्राबद्दल सांगितलेलं एक वाक्य लिहा, त्याच्याच शब्दांत. पहिलीतल्याचं तुम्ही लिहा, तिसरीतला स्वतः लिहील. केंद्रप्रमुखांना भाषेचा पुरावा हवा असेल तर तोही हाच. मग नोंद आपोआप सुचते. "चित्र छान काढतो" याऐवजी: "जूनमध्ये माणसाचे हात अंगाला चिकटलेले होते, बादलीच्या चित्रात उचलणारा हात ताणलेला, खांदा खाली गेलेला दाखवला." किंवा: "मागची वस्तू पुढचीने झाकली जाते हे ऑक्टोबरमध्ये प्रथम दाखवलं." दहा-पंधरा शब्द, पण त्या मुलाचेच, दुसऱ्या कोणाच्या नावापुढे ते बसणार नाहीत. चित्रांना गुण देऊ नका. स्पर्धा वरून आलीच तर पाठवा, पण वर्गात पहिला-दुसरा काढू नका. आणि भिंतीवर लावायची तर एकतीसच्या एकतीस लावा.

राहिली ग्रामपंचायतीची भिंत. पेंटर येईल आणि बोलक्या भिंतींच्या नावाखाली कार्टूनमधला उंदीर, फळांची नावं आणि सौरमाला काढून जाईल. ठीक आहे, त्याचाही धंदा आहे आणि सरपंचांनाही फोटो हवा असतो. तुम्ही एवढंच अडून बसा: जमिनीपासून चार फुटांपर्यंतचा एका बाजूचा पूर्ण पट्टा त्याने नुसता गेरूच्या रंगाचा, चकाकी नसलेला करून द्यायचा. तयार रंग परवडत नसेल तर गेरू रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडा डिंक घालून दोन हात मारायचे, म्हणजे गणवेशाला लागत नाही. त्या पट्ट्यावर मुलांनी पांढऱ्या खडूने काढायचं, दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसायचं, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर गेरूचा एक हात पुन्हा द्यायचा. पेंटरला हे त्याने काम सुरू करायच्या आधी सांगा. एकदा का त्याने खालपर्यंत ऑइलपेंट मारला की त्यावर खडू उमटत नाही.